बियर नवीन नवीन प्यायला लागलाय? मग आधी चव ओळखायला शिका

आपल्याकडं बियर म्हटलं की दोनच प्रश्न असतात, स्ट्राँग आहे काय आणि चिल्ड आहे काय. बेळगावात खडेबाजारात बसा, खानापूर रोडच्या ढाब्यावर बसा नाहीतर निपाणीत हायवेला बसा, वेटर आला की "स्ट्राँगच ना अण्णा?" असंच म्हणतंय, आणि आपणपण मान हलवतो. चव कसली आहे हे कोण विचारतच नाही. मला बियर मनापासून आवडते, आणि गेल्या काही वर्षांत आमच्या मावसभावापासून ऑफिसातल्या पोरांपर्यंत बरेच जण विचारायला लागलेत की सुरुवात कुठनं करायची, कुठली घ्यायची, ती कडू का लागते, महागाची घेतली तर काय फरक पडतो. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं सविस्तर लिहितो.

आधी वय. कर्नाटकात २१ पूर्ण पाहिजेत. पलीकडं महाराष्ट्रात बियरला २१ आणि हार्ड ड्रिंकला २५. कुठली गोळी चालू असेल, लिव्हरचा त्रास असेल, पिणारी गरोदर असेल तर हा विषय तिथंच सोडायचा. आणि जो पीत नाही त्याला आग्रह करायचा नाही, एवढं पाळा म्हणजे झालं.

आधी बियर म्हणजे काय ते समजून घ्या

आज्जी नाचणी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायची, मग वाळवून, भाजून, दळून सत्त्व करायची बघा, बियरची पहिली पायरी हुबेहूब तीच आहे, फक्त नाचणीच्या जागी जव म्हणजे बार्ली. मोड आणून वाळवलेल्या त्या जवाला माल्ट म्हणतात. मोड आले की दाण्यातल्या पिठूळ भागाची साखर व्हायची तयारी होते, मग तो माल्ट भरडून गरम पाण्यात ठेवला की गोड पाणी निघतं. त्या पाण्यात हॉप्स टाकून उकळतात. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, कागदासारख्या पाकळ्यांची फुलं, कडूपणा त्यांचा, बराचसा वास त्यांचा आणि बियर टिकते तीपण त्यांच्यामुळं. मग गार करून यीस्ट घालतात, यीस्ट साखर खातंय आणि अल्कोहोल आणि गॅस सोडतंय. कॅम्पातल्या बेकरीत पाव ज्यानं फुगतो ते आणि एल नावाच्या बियरचं (ती कसली ते पुढं सांगतो) यीस्ट एकाच जातीचं आहे.

म्हणजे पाणी, माल्ट, हॉप्स, यीस्ट. जर्मनीत बव्हेरियामध्ये १५१६ साली कायदाच केला होता की बियरमध्ये पाणी, जव आणि हॉप्स सोडून काही घालायचं नाही, यीस्टचं नावसुद्धा त्यात नाही कारण ते काय असतं हे तेव्हा कुणाला माहीतच नव्हतं. आपल्याकडच्या बऱ्याच बियरमध्ये तांदूळ, मका किंवा साखर असते, लेबल वाचलं की कळतं. तांदूळ घातला म्हणून ती वाईट असं समजू नका, तांदळानं बियर हलकी आणि कोरडी लागते, उन्हाळ्यात तर तीच बरी वाटते. साखर फक्त कडकपणा वाढवायला ओतलेली असेल तर मात्र चवीत कळतं, घशाखाली गेल्यावर एक जळजळीत गोडवा मागं राहतो.

आता लागर आणि एल. हा फरक एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं जातं. लागरचं यीस्ट थंडीत, साधारण ८ ते १३ डिग्रीला सावकाश काम करतंय आणि नंतर बियर आणखी थंडीत आठवडेच्या आठवडे ठेवतात, म्हणून ती स्वच्छ, साधी, खळखळीत लागते. एलचं यीस्ट १५ ते २४ डिग्रीच्या आसपास, उबेत भरभर काम करतंय आणि जाता जाता फळांचे, मसाल्यांचे वास सोडतंय. किंगफिशर, ट्युबोर्ग, बडवायझर, ह्या सगळ्या लागर. ही सोनेरी पारदर्शक बियर जगभर पसरली ती चेक देशातल्या पिल्झेन गावातनं, १८४२ साली तिथं पहिली पिल्सनर निघाली. तोपर्यंत बहुतेक ठिकाणी बियर म्हणजे गडद, गढूळ असाच प्रकार होता.

स्ट्राँगचं गणित एकदा कागदावर मांडा

हे मी सगळ्यांना करायला लावतो. बाटली ६५० मिली. स्ट्राँग ८ टक्क्यांपर्यंत असते. म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्के असते, म्हणजे ३० मिलीच्या एका स्मॉल पेगमध्ये १३ मिलीच्या आत अल्कोहोल. म्हणजे एक स्ट्राँग बाटली म्हणजे चार स्मॉल पेग. "बियरच आहे की गा, काय होत नाही" म्हणून दोन बाटल्या रिचवणाऱ्यानं आठ पेग घेतलेले असतात आणि त्याला ते ठाऊकच नसतं. ४.८ टक्क्यांची माइल्ड घेतली तर तीच बाटली अडीच पेगांच्या जरा आत येते, आणि ३३० मिलीची पिंट घेतली तर सव्वा पेग. नवीन माणसानं पिंटपासूनच सुरू करावं असं माझं ठाम मत आहे. पैशाच्या हिशोबानं मोठी बाटली स्वस्त पडते हे खरंय, पण मोठ्या बाटलीचा शेवटचा ग्लास कोमट आणि गॅस गेलेला असतो, तो नुसता वाया जाऊ नये म्हणून प्यायचा असतो, चवीसाठी नाही.

आणि स्ट्राँग म्हणजे भारी असं काही नाही. बेल्जियममध्ये साडेआठ टक्क्यांची ड्युवेल असते, ती कडक असूनसुद्धा नाजूक लागते, तिथं साडेआठ टक्के झाकायला तेवढा माल्ट, तेवढं यीस्ट आणि तेवढा वेळ दिलेला असतो. उलट आयर्लंडची काळीकुट्ट गिनीज, जिला बघून लोक घाबरतात, ती जेमतेम ४.२ टक्के. रंगाचा आणि कडकपणाचा काही संबंध नाही. रंग येतो माल्ट किती भाजलाय त्यावरनं, जशी कॉफी.

दुकानात गेल्यावर

तारीख बघा. बाटलीवर नाहीतर कॅनच्या बुडाला मॅन्युफॅक्चरिंग डेट असते. बियर ही वाईन नव्हे, ठेवून चांगली होत नाही (काही कडक गडद एल सोडून), ताजी जितकी तितकी बरी. तीन महिन्यांच्या आतली मिळाली तर घ्या, सहा महिने होत आलेली असेल तर दुसरी मागा. लाजायचं नाही, दूध घेताना तारीख बघतोच की आपण.

मग ती कुठं ठेवली होती बघा. एप्रिलात एकदा मी हायवेच्या एका दुकानातनं पेटी घेतली, पेट्या बाहेर पत्र्याखाली रचलेल्या होत्या, घरी येऊन रात्रभर फ्रीजला लावली आणि दुसऱ्या दिवशी पहिला घोट घेतला तर भिजलेल्या पुठ्ठ्याची चव. बारा बाटल्या, सगळ्या तशाच. उष्णतेनं आणि हवेच्या संपर्कानं बियर शिळी होते तेव्हा हीच चव येते, नंतर कितीपण थंड करा ती जात नाही. आणि ऊन लागलं तर आणखी वेगळाच घाण वास येतो, हॉप्समधल्या घटकांवर उजेड पडून तो तयार होतो. तपकिरी काच त्याला बऱ्यापैकी अडवते, हिरवी आणि पांढरी काच फारसं अडवत नाही, म्हणून हिरव्या बाटलीची बियर शोकेसमधल्या ट्यूबलाईटखालची घेऊ नका, आतल्या पेटीतली मागा. कॅनमध्ये उजेडाचा प्रश्नच येत नाही, मी तर हल्ली शक्यतो कॅनच घेतो.

सीएल-२ चं म्हणजे किरकोळ विक्रीच्या लायसनचं दुकान असेल तर तिथनं घेऊन जायचं असतं, तिथंच उभं राहून प्यायचं नसतं, बसायचं तर बारमध्ये. एमएसआयएलच्या, म्हणजे कर्नाटक सरकारच्या कंपनीच्या दुकानात छापील किमतीत मिळते. २ ऑक्टोबर, निवडणूक, गणपती विसर्जन अशा दिवसांचं आधी बघून ठेवा.

घरी ओतायची कशी

ग्लास काचेचाच घ्या, स्टीलचा नको, रंग आणि फेस दिसायला पाहिजे. भांड्याच्या साबणाचा अंश राहिला की फेस टिकत नाही, म्हणून ग्लास नुसत्या पाण्यानं दोन-तीनदा खळखळून धुवा आणि ओलाच वापरा. ओतल्यावर आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर समजायचं ग्लास स्वच्छ नाही.

ग्लास तिरका धरा, बियर भिंतीवरनं सोडा, अर्धा-पाऊण झाला की सरळ करून मधोमध ओता, दोन बोटं फेस आला पाहिजे. आपल्याकडं फेस आला की लोक "अरे सांडली, सांडली" म्हणून हळहळतात. पण वास सगळा त्या फेसातनंच वर येतो, शिवाय थोडा गॅस तिथंच निघून गेला की पोटात कमी जातो, पोट फुगत नाही.

थंडीचं सांगायचं तर लागर ४ ते ७ डिग्री, म्हणजे घरच्या फ्रीजमधली थेट चालते. गव्हाची बियर काढून पाच-दहा मिनिटं ठेवा. एल आणि स्टाउट (गिनीजसारखी काळी बियर) ८ ते १२ डिग्रीला खुलते. अगदी बर्फाळ केली की जीभ बधिर होते आणि कुठलीपण बियर सारखीच लागते, बर्फाळ पाजण्यामागं पुष्कळ ठिकाणी कारण तेच असतं की चव कळूच नये. बर्फाचे खडे तर घालूच नका. घाई असेल तर फ्रीझरला अर्धा तास, आणि मोबाईलला अलार्म लावूनच, विसरलात तर बाटली फुटते.

चव ओळखायची संध्याकाळ

ह्याला एक संध्याकाळ द्या, तीन-चार जण मिळून, म्हणजे एकेक बाटली वाटून घेता येते आणि कुणालाच जास्त होत नाही. आम्ही डिसेंबरात अनगोळला गच्चीवर केलं होतं. कामासाठी बेंगलोरला गेलेलो, तिथनं चार वेगवेगळ्या आणल्या. मावसभाऊ, निपाणीचा दोस्त, मी. प्रत्येकासमोर चार छोटे ग्लास, पाणी, आणि साधे चिरमुरे, तिखट काही नाही. हलकीपासून गडदकडं जायचं, उलटं केलं तर हलकीची चवच लागत नाही.

पहिली माइल्ड लागर. ती सगळ्यांच्या ओळखीची. पण सावकाश प्यायल्यावर मावसभाऊ म्हणाला, "ह्यात ब्रेडच्या कडेसारखं काहीतरी लागालंय." तोच माल्ट. दहा वर्षं तीच बियर पीत होता आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याला तो लागला.

दुसरी वायहेनस्टेफनर, बव्हेरियाची गव्हाची बियर, त्या ठिकाणी १०४० सालापासून बियर होते असं ते सांगतात. गढूळ पिवळी, वर जाड पांढरा फेस. निपाणीच्या दोस्तानं ग्लास नाकाशी नेला, परत खाली ठेवला, परत उचलला आणि म्हणाला, "हे शिकरण आहे की गा!" खरंच पिकल्या केळ्याचा वास येतो आणि मागं लवंग. आत केळं पण नाही आणि लवंग पण नाही, ते सगळं यीस्टचं काम. बेल्जियमची गव्हाची बियर वेगळी, होगार्डनसारखी, तिच्यात धने आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात. धन्याची बियर म्हटल्यावर आपल्या माणसाला नवल वाटतं, पण उन्हाळ्यात दुपारी ती लई छान लागते. आपल्याकडं २०१५ च्या सुमाराला बिरा आली आणि तिच्या व्हाईटमुळं पुष्कळांना पहिल्यांदा कळलं की गव्हाची पण बियर असते.

तिसरी आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल. नाव आपलं पण ती झाली इंग्लंडात. जहाजानं सहा-सहा महिने प्रवास करून बियर इकडं यायची, ती टिकावी म्हणून हॉप्स भरपूर, लंडनच्या हॉजसनची बियर त्या धंद्यात पुढं होती, नंतर बर्टन गावच्यांनी तो धंदा घेतला. काळी पोर्टर पण भरपूर यायची. बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला, ही जहाजं त्याच काळातली, त्यामुळं कॅम्पातनं जाताना मला त्या पिंपांची आठवण येतेच. पहिला घोट कडू, मावसभावानं तोंड वाकडं केलं, कारल्याच्या काचऱ्या म्हणाला. मी म्हटलं थांब, आधी वास घे, तोंडात फिरव, आणि तिसऱ्या घोटाला त्याला पेरू आणि मोसंबीची साल लागली. आयपीए पहिल्या दिवशी आवडलीच पाहिजे असं नाही. मला स्वतःला वर्षभर लागलं. लेबलवर आयबीयू लिहिलेलं असेल तर तो कडूपणाचा आकडा, साधी लागर १० ते २० मध्ये असते, आयपीए ४० च्या पुढं, सुरुवातीला कमी आकड्याची घ्या.

शेवटी गिनीज. कॅन हलवला की आत खुळखुळतंय, तो नायट्रोजन भरलेला प्लास्टिकचा चेंडू. उघडल्यावर ओतली की तपकिरी ढग ग्लासात खाली खाली उतरत जातात, मिनिट-दीड मिनिटानं सगळं थांबतं, खाली काळं आणि वर सायीसारखा फेस. आम्ही तिघंपण ते होईपर्यंत गप्प बसून बघत होतो. चव कडक भाजलेल्या कॉफीची, गोडपणा नाही. मी मुद्दाम कुंद्याचा डबा आणून ठेवलेला. चमचाभर कुंदा आणि वर एक घोट स्टाउट, हे कुणाला पटत नाही, पण आटवून आटवून तपकिरी झालेल्या दुधाची ती खमंग चव आणि भाजलेल्या माल्टची चव एकमेकांत मिसळून जातात. बेळगावच्या माणसानं हे एकदा तरी करून बघावं.

सोबत खायला काय

तिखट मटण, सावजी असलं जेवण असेल तर कडू आयपीए आणि स्ट्राँग दोन्ही टाळा, कडूपणा आणि अल्कोहोल दोन्ही तिखटाची आग वाढवतात, घाम फुटतो आणि मग घटाघट पिलं जातं. तिथं माइल्ड लागर नाहीतर गव्हाची. कांदाभजी, मिरची भजीला पिल्सनरसारखी खळखळीत. गोव्याकडनं ताजा बांगडा, सुरमई आली असेल तर रवा फ्राय आणि बेल्जियन गव्हाची, लिंबू पिळायची गरजच पडत नाही. चंदगडचे काजू भाजून थोडं मीठ लावून कशाबरोबरपण. रिकाम्या पोटी मात्र कधीच नको, आणि प्रत्येक ग्लासामागं एक ग्लास पाणी.

हद्दीवर राहणाऱ्यांसाठी

आपली जागा अशी की चोर्ल्यातनं तीनेक तासात गोवा आणि शिनोळी ओलांडली की महाराष्ट्र. गोव्यात स्वस्त मिळते म्हणून डिकी भरून आणायचा मोह होतो, पण परमिट नसताना दुसऱ्या राज्यातली दारू आणणं गुन्हा आहे, घाट चढून आल्यावर आणि कोगनोळीला गाड्या तपासतात, बाटल्यांबरोबर गाडी पण अडकते. तिथली तिथंच प्या, मुक्काम करा. गोव्यात लोकल छोट्या ब्रुअरीच्या एल मिळतात, किंग्स पिल्सनर मिळते, ते सोडून इथं मिळणारीच बियर तिथं जाऊन पिऊ नका.

बेंगलोरला जाणं झालं तर मायक्रोब्रुअरीत एकदा जाच, इंदिरानगरची टॉइट २०१० पासून आहे, पुण्याकडं डूलालीनं त्याच्या आदल्या वर्षी सुरू केलं होतं. तिथं बियर त्याच जागी टाक्यांमध्ये होते, ताजी म्हणजे काय ते तिथं कळतं. सगळ्यांचे छोटे ग्लास एका ट्रेमध्ये देतात, तो मागा, थेट मोठा मग मागू नका. आणि वाढणाऱ्याला विचारा, आज कुठली नवीन काढलीय, ते लोक आनंदानं सांगतात.

गाडीचं थोडक्यात. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल गेलं की कलम १८५, पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत जेल किंवा दोन्ही. साध्या अंगाचा माणूस एका माइल्ड बाटलीतच ती मर्यादा ओलांडतो, आणि एक स्ट्राँग बाटली अंगातनं निघायला पाच-सहा तास तरी लागतात, आंघोळ करून नाहीतर लिंबूपाणी पिऊन ती लवकर निघत नाही. टिळकवाडीत बसलाय आणि घर वडगावात आहे, तरी रिक्षाच करा.

आणि एक वही ठेवा, मोबाईलमध्ये लिहिलं तरी चालतंय. नाव, तारीख, किती टक्क्यांची, कशासारखी लागली, एवढंच, आणि लागली तशी लिहायची, लेबलवर छापलंय तसं नाही. आपल्या जिभेला जे माहितीय त्याच शब्दांत लिहा, गुळाची कड, कच्च्या आंब्याची साल, ताकाचा आंबटपणा, भाजलेल्या शेंगदाण्याचं टरफल. दहा-बारा ओळी झाल्या की तुम्हालाच दिसतंय आपल्याला गोडसर आवडतं की कडवट, हलकं की भरलेलं, आणि मग दुकानात उभं राहिल्यावर काय मागायचं ते आपसूक कळतं. माझ्या वहीत आता मधोमध एम्बर एल आहे, पावसाळ्यात तीच घेतो. निपाणीच्या दोस्तानं त्या डिसेंबरच्या रात्रीच गच्चीवर पान उघडलं, त्याची पहिली ओळ अजून तशीच आहे, "गव्हाची. शिकरण. लवंग. परत आणायची, दोन."